पांढऱ्याची खेळी

भूत म्हटलं की तुम्हाला अमावस्येची रात्र, पिंपळ आणि ओसाड विहीर हवी असेल, तर आधीच सांगतो, तुमची निराशा होणार. इथं रात्र नाही. विहीर नाही. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर आहे, घरघरणारा कूलर आहे आणि बाहेर स्कूटरच्या सावलीत जीभ काढून पडलेलं एक कुत्रं आहे.

वेळ भर दुपारची.

पण घडलं ते खरं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो अतुल हिवराळे आजही छत्रपती संभाजीनगरात, टी.व्ही. सेंटरच्या मागच्या गल्लीत, त्याच घरात राहतो. भेटलात तर जयभीम घालेल, कोपऱ्यावर नेऊन चहा पाजेल. घरी चला मात्र म्हणणार नाही. दुपारी तर नाहीच.

कारण दुपारी तो स्वतःच त्या घरात थांबत नाही.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. पण सुरुवात अतुलच्या बहिणीपासून करावी लागेल.

निशा त्याच्यापेक्षा मोठी. लग्न होऊन मागच्याच गल्लीत राहायला आलेली. अतुलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या गच्चीवरची काळी टाकी दिसायची, इतकं जवळ. दाजी वैजापूरला तहसीलमध्ये, रोज अपडाऊन. निशा घरीच पोरांना बुद्धिबळ शिकवायची. लहानपणी जिल्ह्यात कुणाकडून हरली नव्हती. दमा होता म्हणून बाहेरगावच्या स्पर्धा सुटल्या, पण खेळ सुटला नाही.

अतुललाही तिनंच शिकवलं. डाव कमी, कोडी जास्त.

कोडं म्हणजे काय, तर पटावर अर्धवट डाव मांडून ठेवायचा आणि म्हणायचं, पांढऱ्याची खेळी. आता शोध. कुठंतरी एक वाट असते, ती दिसली की डाव तुमचा. निशा भाजीला जाता जाता अतुलच्या घरी डोकवायची, कोपऱ्यातल्या टेबलावरच्या पटावर एक कोडं मांडायची आणि निघून जायची. अतुल दिवसभर जाता येता त्याच्याकडे बघत राहायचा. संध्याकाळी ती परत यायची आणि समोर बसून काळ्याची उत्तरं द्यायची.

बाजूला चावीचं जुनं घड्याळ. दोन तबकड्या, दोन बटणं. आपली खेळी केली की आपलं बटण दाबायचं.

टक्.

आपलं घड्याळ थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. वेळ संपत आली की काटा एक छोटी लाल झेंडी उचलतो. झेंडी पडली की डाव गेला. घड्याळाची चावी निशाच्या घराच्या किल्ल्यांना अडकवलेली असायची, कारण अतुल नको तितकी चावी देऊन स्प्रिंग तोडेल अशी तिला खात्री होती.

तिचे दोन नियम होते. पहिला, सोंगटीला हात लावला की खेळलं. परत घेणं नाही. लहानपणी अतुल रडून गोंधळ घालायचा, तरी नाही.

दुसरा नियम त्याहून अवघड. आपली खेळी शोधायच्या आधी एक प्रश्न विचारायचा... समोरच्याला काय पाहिजे?

हा प्रश्न अतुलला कधी वेळेवर सुचला नाही. त्याला मारामारी आवडायची. फुकटची सोंगटी दिसली की हात पुढं. निशा हसायची आणि म्हणायची, "तुझं सगळं बरोबर असतं रे. फक्त समोर कुणी बसलंय, एवढंच तू विसरतोस."

पुढं मोबाईल आला आणि अतुलला त्याच्या स्वभावाचं खेळणं सापडलं. तीन मिनिटांत जितकी सुटतील तितकी कोडी. एक सुटलं की लगेच दुसरं. समोर कुणी बसलेलं नाही, कुणी काही विचारत नाही. वाळूजच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत हेच, बसमध्ये हेच, संडासातसुद्धा हेच. रूपानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला यावरून इतकं बोलून घेतलं होतं की शेवटी तिनंच नाद सोडला.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मार्च संपत आला होता. पाण्याचा दिवस होता. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरात एक माणूस थांबतं, तोटी उघडी ठेवतं आणि कान देऊन बसतं. आधी नळाला हवा येते. सूं... असा आवाज होतो. मग खाकरल्यासारखं होतं, मग पाणी.

अतुलची दुसरी पाळी होती, त्यामुळे तो घरी. रूपा लॅबमध्ये कामाला गेलेली. तोटी उघडी होती. नळातून बारीक शिट्टी वाजत होती. अतुल पलंगावर आडवा पडून कोडी सोडवत होता.

आणि त्या दिवशी हात असा काही बसला होता की विचारू नका. एकामागून एक सुटत होती. आजवरचा त्याचा सगळ्यात मोठा आकडा मागं पडायला आला होता.

तेवढ्यात फोन आला.

ताई.

फोन आला की मोबाईलवर वरच्या बाजूनं एक पट्टी उतरते. ती बरोबर पटाच्या वरच्या ओळीवर आली. काळ्याचा राजा झाकला गेला. इकडं सेकंद पळत होते.

अतुलनं बोटानं पट्टी वर ढकलली.

त्याला वाटलं, पाणी आलं एवढंच सांगायला केला असेल. निशाची गल्ली उताराला, तिच्याकडं पाणी आधी यायचं आणि ती दर वेळी फोन करून सांगायची. त्यात नवीन काही नव्हतं.

पुन्हा पट्टी उतरली. ताई.

पुन्हा त्यानं ढकलली.

नळ वाजत होता. सूं...

पुन्हा एकदा उतरली. या वेळी त्यानं फोन सरळ कापला. थोडी शिवीही आली तोंडात. मग शेवटची कोडी सोडवली, तीन मिनिटं संपली आणि आकडा पडद्यावर झळकला. एवढा मोठा आकडा त्याला पुन्हा कधी जमला नाही. त्यानं त्याचा फोटो काढला आणि पहिल्यांदा कुणाला पाठवला असेल?

निशालाच. खाली लिहिलं, "ताई, आता बोल."

तिनं तो पाहिला नाही.

मागच्या गल्लीत पाणी वाहायला लागलं म्हणून लोक गोळा झाले. टाकी भरून गच्चीवरून पाणी खाली पडत होतं, गल्लीतून वाहत होतं. या शहरात कुणी असं पाणी वाहू देत नाही. शेजारणी ओरडल्या, निशाताई मोटार बंद करा. मग दार ठोठावलं. मग ढकललं.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. दम्याचा पंप हातात, रिकामा. मोबाईल मांडीवर.

अतुलच्या दारापासून तिचं दार धावत गेलं तर एका मिनिटावर होतं.

माती झाल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाजींनी तिचा मोबाईल उघडला. शेवटचे फोन अतुलला. कुणी आवाज चढवला नाही. आई, गोजरबाई, फुलंब्रीजवळच्या गावाहून आलेली, एवढंच विचारून बसली, "तिनं तुला फोन केलता काय रे?"

अतुल म्हणाला, "फोन चार्जिंगला व्हता आई. आतल्या खोलीत. आवाज बंद व्हता."

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुझा काय दोष लेकरा."

तो हात फिरत होता तेव्हा अतुलचं सगळं लक्ष दाजींच्या हातातल्या मोबाईलकडं होतं. कारण त्या मोबाईलमध्ये त्यानं पाठवलेला फोटो होता. वेळेसकट. रिंग ऐकू न येणाऱ्या माणसानं त्याच मिनिटाला पाठवलेला. कुणी उघडून बघण्याआधी तो मोरीत गेला, दाराला कडी लावली आणि आपल्या मोबाईलवरून तो मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला.

हे त्यानं रूपाला सांगितलं नाही. तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, उन्हाळा चढला. कोपऱ्यातल्या टेबलावर पट तसाच होता. जायच्या आदल्या दिवशी निशा येऊन एक कोडं मांडून गेली होती. जाताना म्हणाली होती, या वेळी घाई करू नको. अतुलनं त्याला हात लावला नव्हता. रूपा फडक्यानं टेबल पुसायची, पण सोंगट्यांच्या बाजूबाजूनं.

मे महिना. पुन्हा दुसऱ्या पाळीचा आठवडा. पाण्याचा दिवस नव्हता. दोन दिवसांपूर्वीच पाणी येऊन गेलं होतं.

अतुल जेवून पडला होता. लाईट गेली आणि कूलर थांबला. एकदम शांत झालं...

सूं...

नळाला हवा येत होती.

तो उठून मोरीत गेला. तोटी बंद होती. घट्ट बंद. त्यानं कान लावला. नळात काही नव्हतं. आवाज थांबला होता.

परत येताना तो पटापाशी थबकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं ते कोडं नीट बघितलं.

पांढऱ्याचा राजा, घोडा, दोन अडकलेली प्यादी. समोर काळ्याचा राजा, कोपऱ्यात एक हत्ती, आणि पार दुसऱ्या कडेला एक एकटं प्यादं. हत्ती पांढऱ्या घोड्याच्या टप्प्यात होता. फुकटचा हत्ती. अतुलला कळेपर्यंत हात पुढं गेला होता. घोड्यानं हत्ती मारला आणि सवयीनं घड्याळाचं बटण दाबलं.

टक्.

मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. आता कुणासाठी बटण दाबायचं? तो तोंड धुवायला मोरीत गेला.

चेहऱ्यावर पाणी मारत असताना बाहेरच्या खोलीत आवाज आला...

टक्.

घरात तो एकटा होता. दाराला आतून कडी होती.

बाहेर येऊन बघितलं तर काळ्याचं ते कडेचं प्यादं एक घर पुढं आलेलं. आणि अतुलच्या बाजूचं घड्याळ चालू होतं. बारीक टक टक टक टक.

निशा गेल्यापासून त्या घड्याळाला कुणी चावी दिली नव्हती. देणार कशी? चावी तिच्या किल्ल्यांना होती, आणि किल्ल्या दाजींकडं.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. संध्याकाळी त्यानं रूपाला विचारलं, पटाला हात लावलास का. ती चिडली. म्हणाली, मी सकाळी गेले ती आत्ता येतेय, आणि ताईंच्या वस्तूला मी कशाला हात लावू. मग त्याच्याकडं बघून जरा नरम झाली. तू झोपत नाहीस, तुझं तूच हलवत असशील, असं म्हणाली. अतुललाही ते पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पटासमोर खुर्ची टाकून बसला. आज डोळा लागू द्यायचा नाही आणि नजर हलवायची नाही. प्यादं दोन घरं चाललं की शेवटच्या घरात पोचणार होतं, आणि तिथं पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. अतुलचा घोडा हत्ती मारायला कोपऱ्यात गेला होता. त्यानं घोडा परत फिरवला. बटण दाबलं.

टक्.

काळ्याचं घड्याळ चालू झालं.

तो बघत राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता. प्यादं हललं नाही. काहीच हललं नाही. बाहेर ते कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं...

सूं...

या वेळी आवाज नळातून येत नव्हता.

समोरच्या रिकाम्या खुर्चीतून येत होता. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. मध्ये अडकायचा. मग पुन्हा. लहानपणी एका खोलीत झोपताना हा आवाज अतुलनं हजार वेळा ऐकला होता. थंडीत निशाचं वाढलं की आई उठून तिला पाठीला उशा देऊन बसवायची.

त्यानं डोळे मिटून घेतले. फक्त एवढंच. डोळे मिटले.

टक्.

प्यादं शेवटच्या घराच्या अलीकडं येऊन उभं होतं.

आणि तेव्हा त्याला कोडं दिसलं. उशिरा, पण लख्ख दिसलं. हत्ती कुठं पळून जाणार नव्हता, तो अडकलेलाच होता. तो कधीही मारता आला असता. पहिली खेळी फार साधी होती. राजा एक घर प्याद्याच्या दिशेनं न्यायचा होता. बाकी काही नाही. एक घर जवळ गेला असता तर सगळं वाचलं असतं.

आता घोडा पोचत नव्हता. राजा पोचत नव्हता. आणि खेळलेलं परत घेता येत नव्हतं.

अतुल पुढं खेळला नाही. त्या दिवशी तो कामावर गेला खरा, पण मशीनवर त्याचं लक्ष लागेना आणि सुपरवायझरनं त्याला अर्ध्या पाळीतच घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात आई आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रूपानंच सगळं ठरवलं होतं, दवाखाना, गाडी, सगळं. ऑपरेशन होऊन आई घरी आली, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. बाहेरच्या खोलीत कूलरसमोर तिचं अंथरूण घातलं. पट तिथून दोन हातांवर. रूपा म्हणाली पट आत ठेवू, तर अतुल तिच्या अंगावर गेला. ती बघतच राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रूपा कामावर होती. आई पडली होती. अतुल दाराच्या उंबऱ्यावर बसला होता, आत पाठ करून. घरात बसवत नव्हतं आणि आईला एकटं सोडवत नव्हतं.

कूलर चालू होता. त्या घरघरीतही त्याला ऐकू आलं...

सूं...

त्यानं मान वळवली नाही. त्याला वाटलं, हे आपल्यालाच ऐकू येतं. आपल्या डोक्यात आहे. आपण कुणाला सांगितलं नाही म्हणून आपल्यालाच ऐकू येतं.

मागून आई म्हणाली, "अतुल. निशीला दम लागलाय."

तो म्हणाला, नळाला हवा येतेय आई.

"मला नळ कळत नाय व्हय?" आई उठून बसली होती. पट्टी बांधलेलं तोंड तिनं बरोबर त्या रिकाम्या खुर्चीकडं वळवलं होतं. "ह्यो तिचा दम हाय. लई वाढलाय. पंप दे तिचा."

अतुल उंबरा धरून बाहेरच बघत राहिला.

"आरं उठ की. ती तुला हाका मारायली."

आवाज वाढत होता. शिट्टी आत... शिट्टी बाहेर... आणि त्याच्यामागं टक टक टक टक. अतुलच्या बाजूचं घड्याळ.

अतुल उठला नाही. उंबऱ्यावर बसल्या बसल्या तो रडायला लागला. आणि रडता रडता त्याच्या तोंडून गेलं.

"आई, फोन माझ्या हातात व्हता."

आईचं तोंड खुर्चीवरून त्याच्याकडं वळलं.

"चार्जिंगला नव्हता. हातात व्हता. मीच कापला."

मग तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, जेवलास का विचारावं तसा.

"काय करायलतास?"

"कोडी सोडवायलतो. मोबाईलवर."

"सुटली का?"

अतुलला खोटं बोलता आलं असतं. पण आता काही उरलं नव्हतं.

"सुटली," तो म्हणाला.

त्या क्षणी खुर्चीतला आवाज थांबला. हळूहळू कमी झाला नाही. अर्ध्या श्वासात थांबला. कूलरची घरघर तेवढी राहिली.

आईनं मान हलवली. पुन्हा आडवी झाली आणि भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी रूपा आली तेव्हा तिला म्हणाली, मला गावाला नेऊन सोड. डोळ्याची पट्टी निघायची होती, औषधं चालू होती, पण तिनं ऐकलं नाही. अतुलनं दिलेलं पाणीही तिनं घेतलं नाही. रूपानं दिलं ते घेतलं. जाण्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, आजपर्यंत नाही. गावात विचारलं तर म्हणते, शहरात उकडतं.

आता काही लोक म्हणतील, म्हातारीला गोळ्यांची झापड होती आणि पोराच्या मनात पाप होतं, दोघांनी मिळून नळाचा आवाज ऐकला. असेलही. रूपाचंही तेच म्हणणं आहे. तिला फोनचं माहीत नाही, पण नवरा पटाला भितो एवढं माहीत आहे. ती म्हणते, जुन्या घड्याळाची स्प्रिंग उन्हानं सैल होते आणि ते मध्येच चालतं. दाजींकडून चावी आणून बघितलीत का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, आणली होती. घड्याळाला आधीच पूर्ण चावी होती. एक आटाही फिरली नाही.

मग ती विषय बदलून चहा टाकायला गेली.

पट अजून तिथंच आहे. सोंगट्या तशाच. प्यादं शेवटच्या घराच्या अलीकडं उभं, खेळी पांढऱ्याची. अतुलला वाटतं आपण खेळलो की ते पुढं सरकेल, आणि पुढं सरकलं की काय होईल ते त्याला बघायचं नाही. उचलून ठेवायची हिंमत नाही. मोबाईलमधला तो खेळ त्यानं काढून टाकला. पांढऱ्या घड्याळाची लाल झेंडी मात्र काट्यानं उचलली आहे. आडवी झाली आहे. महिने झाले, पडत नाही.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो जेवण झालं की लगेच घराबाहेर पडतो. बसला वेळ असतो, तरी. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभा राहतो आणि आईला फोन लावतो.

रिंग जाते. फोन तिच्या उशाशीच असतो, शेजारच्यांनी सांगितलंय. एकदा वाजतो... दोनदा वाजतो... आणि मध्येच कापला जातो.

तो पुन्हा लावतो. पुन्हा कापला जातो.

त्याला राग येत नाही. मोबाईल तसाच कानाला धरून तो उभा राहतो. कापलेल्या फोनमधून काही ऐकू यायला नको. पण अतुल म्हणतो, येतं. फार लांबून येतं. बस येऊन हॉर्न मारेपर्यंत तो ते ऐकत असतो...

टक टक टक टक.